पाणी सुधारलं, कावीळ वयाने वाढली

हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्या-अन्नातून पसरणारा काविळीचा आजार, दोन वर्षांच्या मुलाला झाला तर बहुधा कुणाच्या लक्षातही येत नाही. सहा वर्षांखालच्या साधारण ७० टक्के मुलांमध्ये कसलंच लक्षण दिसत नाही. तोच विषाणू पस्तिशीच्या माणसाला कित्येक आठवडे अंथरुणावर पाडतो. एकदा होऊन गेला की मात्र प्रतिकारशक्ती जन्मभराची. लसीकरणाच्या धोरणातला सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पूर्वी घाणेरड्या पाण्यातून ही ‘लस’ लहानपणीच फुकट मिळायची. (फुकट म्हणायचं ते हिशेबापुरतं, काही मुलांचं यकृत निकामी व्हायचंच.) पाणी आणि संडास सुधारले तशी मुलं संसर्गाविना मोठी होऊ लागली. मग १९८८ साली शांघायमध्ये काय झालं पाहा. सांडपाणी मिसळलेल्या किनाऱ्यावरचे शिंपले लोकांनी नेहमीप्रमाणे गरम पाण्यात जेमतेम बुचकळून खाल्ले आणि दोन-तीन महिन्यांत सुमारे ३ लाख जणांना कावीळ झाली. त्यातले बहुतेक विशी-तिशीतले होते.

तोवर हाताशी होतं ते गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं. १९४० च्या दशकापासून वापरात असलेलं हे इंजेक्शन काही महिनेच संरक्षण देई. खुद्द विषाणू दिसला १९७३ मध्ये. फाइनस्टोन, कपिकियन आणि पर्सेल यांनी रुग्णाच्या विष्ठेत बऱ्या झालेल्या माणसाचं रक्तद्रव मिसळलं; त्यातल्या प्रतिपिंडांनी विषाणूकणांचे पुंजके केले आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सापडले. लस बाजारात यायला मात्र १९९० चं दशक उजाडलं.

लस कुणाला द्यायची, यावर अमेरिका बरीच चाचपडली. १९९६ मध्ये फक्त जोखमीच्या गटांना, १९९९ मध्ये जास्त रुग्ण असलेल्या राज्यांतल्या मुलांना आणि २००६ मध्ये एक वर्षावरच्या सगळ्याच बाळांना. इस्रायलने १९९९ मध्येच सरसकट सगळ्या लहान मुलांना दोन डोस सुरू केले, आणि लस न घेतलेल्या मोठ्यांमधलेही रुग्ण घटले. विषाणू पसरवत होती ती न आजारी पडणारी मुलंच! अर्जेंटिनाने २००५ मध्ये एकाच डोसवर भागवलं. या कावीळीमुळे मुलांवर करावी लागणारी यकृत प्रत्यारोपणं तिथे दोनेक वर्षांत थांबली.

जागतिक आरोग्य संघटनेची मोजपट्टी आजही मुलांच्या रक्तातच आहे: किती मुलांच्या रक्तात जुन्या संसर्गाची प्रतिपिंडं सापडतात. दहाव्या वर्षापर्यंत ९० टक्के मुलांना संसर्ग होऊन गेलेला असेल, तिथे सरसकट लसीची ती शिफारस करत नाही. पण ही मोजणी लवकर शिळी होते. नळाचं पाणी पोचलेल्या वस्तीतली दहा वर्षांची मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्या रक्ताचे अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत.