आवाज फुटताना गाणं बंद करावं का?

सहावी-सातवीतल्या मुलाचा आवाज फुटू लागला की घरचे आणि कधी कधी शिक्षकही सांगतात, "आता दोन वर्षं गाऊ नकोस, गळा कायमचा बिघडेल." हा समज फार जुना आहे, पण तो खरा नाही.

या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. मुलांचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही बदलतो, थोडाच, आणि त्याकडे कुणी लक्षच देत नाही. ही वाढ आहे, दुखापत नाही. ताण न देता गायल्याने तिला बाधा येत नाही. बाधा येते ती जुन्याच पट्टीत ओढून गायल्याने आणि ओरडण्याने.

अमेरिकी संशोधक जॉन कुक्सी यांनी १९७० च्या दशकात हा बदल टप्प्याटप्प्याने होतो, असं मांडलं. प्रत्येक टप्प्यात काही स्वर आरामात लागतात. शिक्षकाने तेच शोधायचे: पट्टी खाली आणायची, कमी स्वरांच्या चाली निवडायच्या, दर काही आठवड्यांनी आवाज पुन्हा तपासायचा. सगळ्या वर्गाला एकाच पट्टीत बांधणं मला तरी अन्यायाचं वाटतं. स्वर चिरकला तर कुणी हसू नये, हे आधीच ठरवून टाकावं. तेराव्या वर्षी गप्प बसवलेली मुलं पुष्कळदा परत गातच नाहीत.

घसा दुखत असेल तर मात्र विश्रांती हवीच. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकला, तर डॉक्टरांना दाखवावं.