पाठीवर गाठ घेऊन जन्मलेलं बाळ: आरबीएसके, जन्मदाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्र

बाळाच्या पाठीवरची गाठ (स्पायना बायफिडा, म्हणजे गर्भात मणका नीट न मिटल्याने आलेली) उघडी असेल, त्यातून पाणी झिरपत असेल, तर कुठल्याही कागदासाठी थांबू नका. अशी गाठ साधारण पहिल्या 48 ते 72 तासांत बंद करतात. उशीर झाला की मेंदूच्या आवरणापर्यंत जंतुसंसर्ग पोचायची भीती असते. गाठीवर सलाईनने ओलं केलेलं निर्जंतुक गॉझ, बाळ पालथं, आणि थेट न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय. बाळ दाखल झालं की मग घरातल्या एकाने कागदांमागे पळावं.

मोफत उपचारांच्या पात्रतेत फार गुंता नाही. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, म्हणजे आरबीएसकेच्या, यादीत न्यूरल ट्यूब डिफेक्टचं, म्हणजे ही गाठ ज्या गटात मोडते त्याचं, नाव आहे. वय 0 ते 18, शस्त्रक्रियाही मोफत. संदर्भ चिठ्ठी (मोठ्या रुग्णालयात पाठवण्याची) सरकारी प्रसूतिगृहातून किंवा आरबीएसके पथकाकडून मिळते. एकदा ऑपरेशन झालं की लोक ही चिठ्ठी फेकून देतात. पुढे डोक्यात पाणी साचलं तर शंट (ते पाणी पोटात सोडणारी नळी) लागतो, लघवीच्या आणि पायांच्या तक्रारी वेगळ्याच. फाईल जपा, आणि पहिल्या पानावर ‘लेटेक्सचे हातमोजे टाळा’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. या मुलांना रबराची अ‍ॅलर्जी होण्याचा धोका जास्त असतो.

खरी अडचण जन्मदाखल्याची. बारसं व्हायचंय म्हणून नोंद राहिलीय, हे मी इतक्यांदा ऐकलंय! नोंदीला नाव लागत नाही. 21 दिवसांत नावाशिवाय नोंद होते, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. नोंद जन्म झाला त्या गावात होते, सासरच्या नाही. माहेरी बाळंतपण झालेल्यांचा इथेच घोळ होतो. त्यात आईच्या आधारवर माहेरचं नाव आणि केसपेपरवर सासरचं असलं, तर ‘बेबी ऑफ अमुक’ अशा नोंदीतलं बाळ नक्की कुणाचं, हे सिद्ध करत बसावं लागतं. दाखल होतानाच आधारवरचं नाव सांगा.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) यांचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर पालकच भरतात. तिथे लोक ‘स्पायना बायफिडा’ शोधत बसतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ते नाव नाहीच. पाय अधू असतील तर अस्थिव्यंग निवडायचं. सोबत बौद्धिक अडचणही असेल तर बहुविकलांगता. जिल्हा निवडताना राहता जिल्हाच हवा असं नाही, उपचार चालू असलेलं सरकारी रुग्णालयही चालतं.

दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढे अर्ज अडतो तो डिस्चार्ज कार्डामुळे. त्यावर नुसतं ‘पाठीची गाठ काढली’ एवढंच असतं. यावरून टक्केवारी काढायची कशी? निदान, गाठ मणक्याच्या कोणत्या पातळीवर होती, पायांतली ताकद, लघवी-शौचावरचा ताबा, शंट आहे की नाही, हे सगळं सही-शिक्क्यासह लिहून घ्या. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के लागतात. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. ते देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, पण न मागता क्वचितच मिळतं.

लहान बाळाला बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्यावरची मुदतीची तारीख कुणी वाचत नाही, आणि शाळाप्रवेशाच्या वेळी ते संपलेलं निघतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या काही महिने आधीच टाका; बोर्डाची तारीख लगेच मिळेल, या भरवशावर राहू नका.