बेटाचा देश आणि देशाचं बेट

लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरून दक्षिणेला निघालं की साधारण सव्वाशे किलोमीटरवर मालदीवचं उत्तर टोक लागतं. भाषा जवळपास एकच. मालदीवमध्ये तिला दिवेही म्हणतात, मिनिकॉयमध्ये महल. दोन्हीकडे टुना गळाने पकडतात. दोन्हीकडची जमीन समुद्रापासून जेमतेम एक-दोन मीटर वर आहे, आणि उधाण आलं की विहिरीत खारं पाणी शिरण्याची धास्तीही तीच. पण जागतिक हवामान परिषदेत मालदीवच्या नावाची पाटी असते, मिनिकॉयच्या नावाची नसते. मालदीव तिथे 'आम्ही बेटं' म्हणतो, तेव्हा त्या 'आम्ही'त मिनिकॉय धरलेलं नसतं.

'लहान बेटांची संघटना', 'बेटवासीयांची मागणी' हे शब्द बातम्यांत सर्रास येतात आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक आहे बेट-राष्ट्रांची आघाडी. दुसरा आहे मोठ्या देशांच्या पोटातल्या बेटांवर राहणाऱ्या माणसांचा संघ. दोन्ही लहान बेटांसाठीच भांडतात. पण भांडण कुणाशी आहे आणि हातात काय आहे, इथे वाटा फुटतात.

आधी आघाडी. नोव्हेंबर १९८९ मध्ये समुद्राच्या वाढत्या पातळीवर लहान राष्ट्रांची परिषद मालदीवच्या राजधानीत, मालेत भरली. पुढच्या वर्षी जिनिव्हात 'अलायन्स ऑफ स्मॉल आयलंड स्टेट्स', म्हणजे एओसिस उभी राहिली. आज तिचे ३९ सदस्य आहेत. त्यात गयाना, सुरिनाम आणि बेलीझ आहेत, जे बेटं नाहीतच, मुख्य भूमीवरचे सखल किनाऱ्याचे देश आहेत. श्रीमंत सिंगापूरही आहे. हजारो बेटांचा इंडोनेशिया मात्र नाही. म्हणजे इथे दार उघडतं ते राष्ट्राला, आणि तेही लहान राष्ट्राला. (संयुक्त राष्ट्रांची 'लहान बेटांची विकसनशील राष्ट्रं' ही यादी आणखी निराळी. ती एक वर्गवारी आहे, एओसिस ही वाटाघाटी करणारी फळी. नावं बरीचशी तीच असल्यामुळे तिथेही घोटाळा होतो.)

या आघाडीकडे पैसा नाही, सैन्य नाही; मतं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्यांपैकी जवळपास पाचवा हिस्सा एका सुरात बोलतो, आणि हवामान वाटाघाटी सहमतीने चालतात. म्हणून दहा-बारा हजार वस्तीच्या तुवालूचं म्हणणं टेबलावरून पुसता येत नाही. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ दीड अंशापर्यंत रोखण्याचा आकडा आला, त्यामागे या देशांचा रेटा मोठा होता. समुद्र चढल्यामुळे होणाऱ्या नुकसानीला पैसे मिळावेत अशी सूचना त्यांनी पॅसिफिकमधल्या वानुआतू या बेट-राष्ट्रामार्फत १९९१ मध्ये मांडली. तसा निधी उभारायचं ठरलं २०२२ मध्ये, इजिप्तमधल्या शर्म अल-शेखला. एकतीस वर्षं तीच मागणी धरून ठेवणं सोपं नव्हतं.

आता रहिवाशांचे संघ. यांच्याबद्दल मराठीत फारसं लिहिलं जात नाही, आणि मला तेच जास्त जवळचे वाटतात. डेन्मार्कमधल्या २७ लहान बेटांचा संघ १९७४ पासून आहे. फ्रान्स, स्वीडन, फिनलंड, आयर्लंड, स्कॉटलंड इथेही असे संघ आहेत आणि २००१ पासून त्यांचा युरोपभराचा एक महासंघ आहे. यांच्या मागण्या ऐकल्या तर कोकणातल्या माणसाला आपल्याच वाटतील: बोटीचं भाडं, शेवटच्या बोटीची वेळ, शाळेत टिकणारा शिक्षक, दवाखाना, पार्सलला लागणारा जादा आकार.

बोटीच्या भाड्याचंच घ्या. स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांसाठी २००८ मध्ये एक नवी पद्धत प्रयोग म्हणून सुरू झाली आणि २०१५ पर्यंत तिथल्या बहुतेक मार्गांवर पसरली. हिशोब असा, की तेवढंच अंतर रस्त्याने गाडी चालवून कापायला जो खर्च येईल, त्याच्या आसपास बोटीचं भाडं ठेवायचं. वर थोडी ठरावीक रक्कम. यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. बोट म्हणजे सहल नव्हे, बोट म्हणजे रस्ता. मुख्य भूमीवरच्या माणसाला रस्ता मिळतो, तर बेटावरच्याला का नाही? अर्थात भाडं उतरलं तसे पर्यटक गाड्या घेऊन आले आणि उन्हाळ्यात बेटावरच्याच माणसाला गाडीसाठी जागा मिळेना. पुन्हा तक्रारी, पुन्हा बैठका. या संघांचं काम हे असं असतं, कधीच न संपणारं. त्यांच्याकडे राष्ट्रासारखं स्वतःचं मत नाही. आपल्याच राजधानीचं दार ठोठावत राहायचं, आणि 'थोडीच तर माणसं आहात' हे उत्तर ऐकूनही पुन्हा जायचं. २०१८ मध्ये स्कॉटलंडने बेटांसाठी कायदा केला. एखाद्या धोरणाचा बेटांवर इतरांपेक्षा लक्षणीय वेगळा परिणाम होणार असेल, तर सरकारी यंत्रणेने तो आधी तपासायचा, असं त्यात आहे. राजधानीत बसून केलेला नियम बेटावर कसा फसतो, हे तिथल्या लोकांनी किती वेळा सांगितलं असेल!

राष्ट्र असण्या-नसण्याने किती फरक पडतो, हे जुलै २०२५ मधल्या एका आठवड्यात लख्ख दिसलं. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीतली बेटं ऑस्ट्रेलियाची आहेत. त्यातलं साइबाई पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यापासून अवघ्या चार किलोमीटरवर. पापुआ न्यू गिनी एओसिसमध्ये आहे, साइबाई असण्याचा प्रश्नच नाही. टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या आठ जणांनी २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे आपल्याच सरकारविरुद्ध तक्रार केली आणि २०२२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने कौल दिला. देशातल्या न्यायालयात मात्र १५ जुलै २०२५ ला बेटांवरच्या दोन वडीलधाऱ्यांचा दावा फेटाळला गेला. हवामानबदल बेटं उद्ध्वस्त करतो आहे, हे न्यायाधीशांनी मान्य केलं. पण त्याची काळजी वाहण्याचं कायदेशीर बंधन सरकारवर बसवायला ते राजी झाले नाहीत.

आठच दिवसांनी, २३ जुलैला, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईची जबाबदारी येऊ शकते. त्या मागणीची सुरुवात २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या २७ कायदा-विद्यार्थ्यांनी केली होती. तेही साधे रहिवासीच. पण त्यांची कल्पना वानुआतूच्या सरकारने उचलली, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि प्रश्न हेगला, त्या न्यायालयापुढे पोचला. साइबाईच्या माणसांना असं उचलून धरणारं राष्ट्र कुठून मिळणार? त्यांचं राष्ट्रच समोरच्या बाकावर होतं.

बेट-राष्ट्र झालं म्हणजे आतला प्रश्न सुटतो असंही नाही. मॉरिशस आपल्याला तिथल्या मराठी मंडळींमुळे ओळखीचा. तो एओसिसमध्ये आहे. पण त्याच्या पूर्वेला पाच-सहाशे किलोमीटरवरचं रॉड्रिग्ज हेही मॉरिशसचंच बेट. तिथल्या लोकांना स्वायत्ततेचा कायदा आणि स्वतःची विधानसभा मिळायला २००१-०२ उजाडलं. बेटाच्या देशातही देशाचं बेट असतंच.

आपल्याकडे पहिल्या गोष्टीला, म्हणजे बेट-राष्ट्रांना, मदत आहे. २०२१ मध्ये ग्लासगोत भारताच्या पुढाकाराने बेट-राष्ट्रांच्या पायाभूत सोयी टिकाऊ करण्याची योजना सुरू झाली, आणि ती योग्यच आहे. दुसऱ्या गोष्टीचं, देशातल्या बेटांवरच्या माणसांचं काय? गेटवेपासून लाँचने तासाभरावर असलेल्या घारापुरीच्या तीन वाड्यांना समुद्राखालून केबल टाकून वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर. लक्षद्वीपमध्ये जमिनीसंबंधीच्या नियमांच्या मसुद्यावरून २०२१ मध्ये 'सेव्ह लक्षद्वीप फोरम' उभा राहिला, वेगवेगळ्या पक्षांचे लोक एकत्र आले आणि ७ जूनला बेटांवरच्या लोकांनी घराघरांत बारा तासांचा उपास केला. ते एका मसुद्याविरुद्ध होतं. मला हवा आहे तो बारमाही चालणारा संघ. घारापुरी, गोव्यातली चोडण आणि दिवाडी, मिनिकॉय, अंदमानची दूरची बेटं, इथली माणसं एका खोलीत बसली तर भाषेची अडचण होईल, पण विषयाची होणार नाही. पहिल्या तासातच एकमेकांना विचारतील: तुमच्याकडे शेवटची बोट कितीला, आणि त्यानंतर एखादी बाळंतीण अडली तर तुम्ही काय करता?