युनिक कमांड फक्त शेजारची ओळ का तपासते?

लिनक्सवर लॉग फाइलमधल्या दुबार ओळी काढायला 'युनिक' चालवावी आणि निम्म्या दुबार ओळी जागच्या जागी दिसाव्यात, हे नवख्यांच्या बाबतीत हमखास होतं. कमांड बिघडलेली नसते. ती हातातली ओळ फक्त आधीच्या ओळीशी ताडून पाहते, सारखी असेल तर गाळते. तीच ओळ मध्ये दुसरं काही येऊन पुन्हा आली, तर तिच्या लेखी ती नवीच.

याचं मूळ १९७३ मध्ये आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन यांनी लिहिलेली युनिक त्या वर्षी युनिक्सच्या, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बनली त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, तिसऱ्या आवृत्तीत आली. युनिक्स ज्यांवर चालायची त्या पीडीपी-११ संगणकांची मेमरी किलोबाइटांत मोजली जायची. दिसलेली प्रत्येक ओळ लक्षात ठेवायची चैन कुठून परवडणार? १९७९ च्या सातव्या आवृत्तीतला तिचा सी भाषेतला कोड पाहावा: हजार-हजार अक्षरांचे दोन बफर, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या जागा; एकात आधीची ओळ, दुसऱ्यात आत्ताची. फाइल कितीही मोठी असो, एवढ्यावर भागतं.

नुसत्या मेमरीवर बोट ठेवणं मात्र मला अपुरं वाटतं. त्याच तिसऱ्या आवृत्तीत पाइपही आला. एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याला जोडता यावं, ही पाइपमागची कल्पना बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच मांडली होती. ओळी क्रमाने लावणारी सॉर्ट ही कमांड आधीपासून होतीच. तिने सारख्या ओळी शेजारी आणायच्या, युनिकने गाळायच्या. पुढे सॉर्टलाच दुबार ओळी गाळणारा '-यू' हा पर्याय मिळाला, तरी युनिक टिकली, कारण तिचा '-सी' ओळ किती वेळा आली ते मोजतो आणि '-डी' फक्त दुबार ओळी दाखवतो.

या मोजणीचा गाजलेला प्रयोग १९८६ चा. मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द शोधायला संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी पास्कल भाषेत कित्येक पानांचा प्रोग्राम लिहिला. परीक्षण करताना मॅकिलरॉय यांनी पाइपने जोडलेल्या सहा कमांडची पाइपलाइन मांडली: टीआर (एका ओळीत एक शब्द), पुन्हा टीआर (सगळी अक्षरं लहान लिपीत), सॉर्ट, युनिक -सी, सॉर्ट -आरएन (मोठ्या आकड्यापासून उतरता क्रम), सेड (वरच्या हव्या तेवढ्याच ओळी). तुलना थोडी अन्यायाचीच होती म्हणा. क्नूथ यांना मुळात त्यांची प्रोग्राम लिहिण्याची पद्धत दाखवायला सांगितलं होतं.

सॉर्टने ओळींचा क्रम बदलतो; मूळ क्रम राखायचा असेल तर ऑक ही दुसरी कमांड वापरतात. ती दिसलेली प्रत्येक वेगळी ओळ मेमरीत ठेवते, म्हणून प्रचंड फाइलवर जड जाते.

मराठी मजकुरात आणखी एक गोम आहे. 'दुसऱ्या' हा शब्द कुणी 'ऱ' वापरून टाइप करतं, कुणी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे, पण बाइट वेगळे, त्यामुळे सॉर्ट करूनही दोन्ही ओळी उरतात. एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या रीती एकसारख्या करणाऱ्या युनिकोड नॉर्मलायझेशननेही हा फरक मिटत नाही. सॉर्टच्या आधी सेडने एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यावं लागतं.