आजीच्या नऊवारीमागची रम

माझ्याकडे सध्या चौदा बाटल्या आहेत, नऊ व्हिस्की आणि पाच रम, आणि सगळ्या हॉलमधल्या शोकेसमध्ये उघड्यावर उभ्या आहेत. यात काय विशेष असं वाटेल, पण मामा फौजेतून सुट्टीवर यायचा तेव्हा त्याची कॅन्टीनची रम लोखंडी कपाटात आजीच्या नऊवारी साड्यांच्या मागे, पेपरात गुंडाळून असायची. लहानपणी वाटायचं हा सगळा संस्कारांचा मामला, पण त्यात कायद्याचाही बराच हात होता.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा, मोरारजी देसाई गृहमंत्री होते तेव्हाचा. १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण बंदी. तब्येतीच्या कारणावर परमिट मिळायचं, म्हणजे पेग घ्यायचा तर आधी कागदोपत्री पेशंट व्हायचं, आणि ज्यांना ते जमायचं नाही त्यांच्यासाठी हातभट्टी आणि मुंबईत घरातून चोरून दारू विकणाऱ्या आंट्यांचे अड्डे होतेच. पुढे साठ-सत्तरच्या दशकात कायदा ढिला होत गेला, पण रद्द काही झाला नाही. म्हणून तर बारच्या पाटीवर अजून 'परमिट रूम' असतं आणि घरी बाटली ठेवायलासुद्धा नियमाने परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा नाहीतर आजीव. बरेच जण काढत नाहीत, मी काढलाय, चौदा बाटल्या घरात ठेवून वाद कोण ओढवून घेणार.

आता रमकडे. मामाची बाटली म्हणजे ओल्ड मंक, दुसरं काय. तिचं मूळ हिमाचलात, कसौलीला. तिथे १८५५ च्या सुमाराला एडवर्ड डायरने ब्रुअरी काढली, थंड हवा, झऱ्याचं पाणी आणि आजूबाजूला तहानलेले गोरे सोल्जर. हा डायर म्हणजे जालियनवाला बागेतल्या त्या डायरचा बाप, हे कळल्यावर मी दोन मिनिटं ग्लास खाली ठेवला होता (मग उचलला). स्वातंत्र्यानंतर कंपनी नरेंद्रनाथ मोहन यांच्याकडे आली आणि १९५४ मध्ये ओल्ड मंक बाजारात आली. जाहिरातीची तिला फारशी गरज पडली नाही, फौजेच्या कॅन्टीनमधून ती सुट्टीवरच्या जवानांच्या ट्रंकेत बसून गावोगाव पोचली.

लेबलवर अल्कोहोल ४२.८ टक्के का, सरळ ४० किंवा ४३ का नाही, हे कोडं मला कितीतरी वर्षं होतं. तर जुन्या इंग्रजी 'प्रूफ' मापात १०० डिग्री म्हणजे साधारण ५७.१ टक्के अल्कोहोल, म्हणतात की दारूत भिजवलेली बंदुकीची दारू पेटली तर माल खरा अशी आधी परीक्षा असायची. आपल्याकडे ७५ डिग्रीचा माल ठरला आणि ५७.१ चे पाऊण करा, आलं की ४२.८! साहेब गेला, डिग्री गेली, दशांश मात्र तसाच राहिला.

आणि खरी गंमत मळीची. साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर उरते ती मळी, तिच्यापासून स्पिरिट. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि मग महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले तशी मळीही वाढली, अनेक कारखान्यांना डिस्टिलऱ्या जोडल्या गेल्या. रम मळीचीच असते, त्यात लपवायचं काही नाही, पण आपली स्वस्त व्हिस्कीसुद्धा वर्षानुवर्षं बहुतेक मळीच्या स्पिरिटचीच, वर थोडं माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचं मद्य. युरोपात व्हिस्की म्हणजे धान्याची आणि कमीत कमी तीन वर्षं लाकडी पिंपात मुरलेली, त्यामुळे त्यांच्या हिशोबाने आपली ही व्हिस्की म्हणजे रमचीच सख्खी बहीण. सरकारी भाषेत मात्र ती 'भारतीय बनावटीचं विदेशी मद्य', हे नाव कोणी ठेवलं त्याला एक पेग माझ्याकडून.

चित्र बदललं ते २००४ मध्ये, बंगळुरूच्या अमृतने बार्लीची सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली निव्वळ माल्टची व्हिस्की) काढली आणि ती आधी आणली कुठे तर थेट ग्लासगोत. मग २०१२ मध्ये गोव्यातून पॉल जॉन. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडून जातं, बंगळुरूच्या हवेत दहा-बारा, म्हणजे पाच वर्षांत पिंप जवळपास अर्धं! म्हणून आपल्या माल्टवर बारा-अठरा वर्षांचे आकडे सहसा दिसत नाहीत, तेवढं थांबलं तर बाटलीत भरायला फारसं उरणारच नाही.

शोकेसमध्ये मागच्या रांगेत मामाची शेवटची बाटली आहे, 'फक्त संरक्षण दलांसाठी' असा शिक्का, सील तसंच. परवा पुसताना बघितलं तर पातळी मानेखाली बोटभर उतरलीय.