देव गप्प असतो तेव्हा : एका जुन्या गाऱ्हाण्याची पार्श्वभूमी

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. बहुतेक विलापांची चाल ठरलेली असते. आधी गाऱ्हाणे, मग विनवणी, आणि शेवटाकडे भरवशाचा सूर. ८८वे स्तोत्र मात्र तिथवर पोचतच नाही. रात्रंदिवस हाका मारणारा एक माणूस, वरून काही उत्तर नाही, जिवाभावाची माणसे दुरावलेली. मूळ हिब्रू मजकुराचा शेवटचा शब्द आहे ‘अंधार’. ज्यांनी ही स्तोत्रे एकत्र केली त्यांनी हे वगळले नाही आणि त्याला गोड शेवटही जोडला नाही.

प्रार्थनेला उत्तर मिळेना म्हणजे आपल्याच विश्वासात खोट असणार, असे अनेकांना आपसूक वाटते. हा विचार पवित्र शास्त्रातही आहे, पण तो कोणाच्या तोंडी आहे ते पाहावे. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात सज्जन ईयोबावर संकट कोसळल्यावर अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र त्याच्या सांत्वनाला येतात आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहतात. खरे तर तिथेच थांबले असते तर बरे झाले असते. पुढचे अध्यायच्या अध्याय ते त्याला त्याचे पाप शोधायला लावतात. देव बोलतो तो थेट ३८व्या अध्यायात, आणि तेव्हाही ईयोबाच्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. पण ४२व्या अध्यायात तो त्या मित्रांवर रागावतो आणि माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, असे सांगतो. भांडणारा माणूस खरा ठरला, देवाची बाजू सावरणारे खोटे.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, हा धागा वधस्तंभापाशी येतो. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे २२व्या स्तोत्राचे पहिले वाक्य मत्तय आणि मार्क या दोन्ही शुभवर्तमानकारांनी येशूच्या तोंडी दिले आहे, तेही त्याच्या रोजच्या अरामी बोलीत. ते स्तोत्र पुढे स्तुतीकडे वळते, तेव्हा येशूच्या मनात सगळेच स्तोत्र असणार, असा एक खुलासा नेहमी दिला जातो. असेलही. पण मला तो घाईचा वाटतो. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशवाणी झाली, डोंगरावर रूपांतर झाले तेव्हा ढगातून आवाज आला. वधस्तंभावर मात्र वरून एक शब्दही येत नाही. जवळ उभ्या असलेल्यांना तर ती हाकही नीट कळली नाही. हा एलीया संदेष्ट्याला बोलावतोय, असे त्यांना वाटले.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकेकट्याने राहणाऱ्या संन्याशांनी या अनुभवाचा बारकाईने अभ्यास केला. त्यांच्यातल्या, ३९९मध्ये वारलेल्या एवाग्रियसने दुपारी गाठणाऱ्या एका मरगळीचे वर्णन लिहून ठेवले आहे. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. संन्यासी खिडकीशी जातो, खोलीबाहेर येतो, जेवणाच्या वेळेला अजून किती अवकाश आहे ते सूर्याकडे पाहून ताडतो. मग वाटू लागते की इथे राहण्यात अर्थ नाही, देवाची भक्ती काय कुठेही करता येते. एवाग्रियसचा सल्ला साधा होता : खोली सोडू नकोस. सोळाव्या शतकात जेझुइट या कॅथलिक संघाचा संस्थापक इग्नाटियस लोयोलानेही तेच वेगळ्या शब्दांत सांगितले. मन कोरडे पडलेले असताना, बरे असताना केलेला कोणताही निश्चय बदलायचा नाही.

या कोरडेपणाला ‘काळोखी रात्र’ हे नाव मिळाले ते स्पेनमध्ये. कार्मेल या कॅथलिक संन्यासी संघाच्या सुधारणेत पुढाकार घेणाऱ्या जॉन ऑफ द क्रॉसला त्याच्याच संघातल्या विरोधकांनी डिसेंबर १५७७मध्ये पकडून तोलेदोच्या मठात डांबले. खोली सुमारे दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद, उजेडाला भिंतीत उंचावर एक फट. प्रार्थनेचे पुस्तक वाचायचे तर बाकावर उभे राहून ते त्या फटीशी धरावे लागे. फटके वेगळेच. ऑगस्ट १५७८मध्ये तो निसटला. ‘काळोखी रात्र’ ही आठ कडव्यांची कविता त्यानंतरची. गंमत अशी की ती दुःखाची कविता नाहीच, अंधाराचा फायदा घेऊन प्रियकराला भेटायला गुपचूप बाहेर पडलेल्या प्रेयसीची आहे.

पुढे त्याने या कवितेवर गद्य विवरण लिहायला घेतले आणि ते अर्धवट सोडले. त्यात तो एक अडचणीचा प्रश्न विचारतो : ही रात्र देवाने आणलेली, की माणूस नुसताच ढिला पडलाय, की हा उदासीचा आजार आहे? तो तीन खुणा देतो. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण दुसऱ्या कशातही वाटत नाही. आपण देवापासून मागे सरतोय ही काळजी मन कुरतडत राहते. आणि पूर्वीसारखे चिंतन प्रयत्न करूनही जमत नाही. यातली दुसरी खूण मला सगळ्यांत मोलाची वाटते. ज्याला देवाशी देणेघेणेच उरलेले नाही, त्याला त्याच्या मौनाचा त्रास कशाला होईल?

प्रोटेस्टंट बाजूला वळण निराळे आले. प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक मार्टिन लुथर याला स्वतःला भीषण आत्मिक छळाचा अनुभव होता. लपलेला देव क्रूसावरच शोधायचा, असे तो म्हणे. मनाला काय वाटते ते त्याच्या दृष्टीने दुय्यम होते. पण सतराव्या-अठराव्या शतकांतल्या भक्तिचळवळींनी हृदयातल्या अनुभवाला मोठे वजन दिले. २४ मे १७३८ रोजी लंडनमधल्या एका सभेत, रात्री पावणेनऊच्या सुमारास, पुढे मेथडिस्ट पंथाचा संस्थापक ठरलेला जॉन वेस्ली कोणीतरी वाचत असलेली, बायबलमधल्या रोमकरांस पत्रावरची लुथरची प्रस्तावना ऐकत होता आणि त्याला हृदयात विलक्षण ऊब जाणवली. पुढे कित्येक पिढ्या अशा उबेची वाट पाहत राहिल्या, आणि ती न येणे हेच संशयाचे कारण होऊन बसले. मौनाचा धसका वाढला तो इथून, असे माझे मत आहे. खुद्द वेस्लीचे काय झाले ते कमी सांगितले जाते. १७६६मध्ये त्याने भाऊ चार्ल्सला पत्र लिहिले : माझे देवावर प्रेम नाही, कधीच नव्हते. हे वाक्य त्याने लघुलिपीत लिहिले होते. त्याच पत्रात प्रचाराचे काम चालू ठेवायचा निर्धारही आहे, आणि ते काम त्याने पुढे चोवीस-पंचवीस वर्षे केले.

फ्रान्समधल्या लिस्यूच्या तेरेजा या जोगिणीला १८९६च्या ईस्टरच्या सुमारास स्वर्गच खोटा वाटू लागला. तो अंधार ती १८९७मध्ये, २४व्या वर्षी वारली तोवर सरला नाही. तिचेच नाव घेतलेल्या मदर तेरेसांचे तर जवळजवळ अर्धे शतक तसे गेले. १९४६मध्ये दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना गरिबांची सेवा करण्याची देवाची हाक स्पष्ट ऐकू आली होती. काम सुरू झाले आणि आतला आवाज थांबला. १९५८मध्ये काही आठवडे उजेड आला, पुन्हा गेला. हे त्यांच्या मार्गदर्शक धर्मगुरूंखेरीज फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पत्रे नष्ट करा, अशी विनंती त्यांनी वारंवार केली होती. ती जपून ठेवली गेली आणि २००७मध्ये छापून आली, तेव्हा काहींनी त्यांना ढोंगी ठरवले. १९६१च्या सुमारास जोसेफ नॉयनर या जेझुइट धर्मगुरूंना लिहिलेल्या पत्रात मात्र त्या म्हणतात की अकरा वर्षांत पहिल्यांदाच हा अंधार आवडू लागला आहे. त्यानंतरही तो गेला नाहीच, आणि पहाटेची प्रार्थनाही चुकली नाही.