बाळी की घड?

जुन्नरच्या द्राक्षबागेत फेब्रुवारीत वाइनच्या द्राक्षांची तोड सुरू होते, पण वेलीवर घड किती येणार हे आदल्या उन्हाळ्यातच ठरलेले असते.

कोवळ्या फुटीवर पानाच्या बरोबर समोर पाहा. लागोपाठ दोन पेरांवर बाळी, म्हणजे तारेला विळखा घालणारा धागा, आणि तिसरे पेर मोकळे. घडही असाच पानासमोर येतो, कारण बाळी आणि घड हे मुळात एकाच अंकुराचे दोन अवतार. डोळ्यातल्या, म्हणजे काडीवरच्या कळीतल्या, त्या अंकुराला सायटोकायनिन हे संप्रेरक भरपूर मिळाले तर तो फाटे फोडून घड होतो. जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर झाला तर लांबून बाळी. काही वेळा तर घडाच्या देठालाच एक बाळी फुटलेली सापडते.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, छाटणी एकदाच. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून दोनदा. एप्रिलच्या खरड छाटणीत ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या तारेवरच्या आडव्या फांदीवर, एकेक डोळा राखून नव्या काड्या घेतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर त्याच काड्यांचे डोळे फुटून घड निघतात. सूक्ष्म घडनिर्मिती, म्हणजे डोळ्याच्या आत घडाचा अंकुर ठरणे, होते खरडीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत, आणि तेव्हा डोळ्यावर थेट ऊन पडावे लागते. खरड मेपर्यंत लांबली की हे दिवस जूनच्या ढगांत सापडतात. त्यात नत्र-पाणी जास्त झाले तर शेंडा पळतो, पानांची दाटी होते, डोळे सावलीत राहतात. फळछाटणीनंतर मग नुसती वांझ फूट!

म्हणून फळछाटणीआधी काडी तपासणी टाळूच नये. डोळा ब्लेडने उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आतला घड ओळखता येतो. चौथ्या डोळ्यापर्यंत घड नाही, सहाव्यात आहे असे दिसले तर काडी सहाव्याच्या पुढेच कापायची.

वाइनला मणी मात्र लहानच हवेत. लाल वाइनचा रंग सालीत असतो, तुरटपणा साल-बियांत. शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाचा गरही पांढुरकाच. खाण्याच्या थॉमसन जातीसारखे जिबरेलिनमध्ये बुडवून मणी फुगवले तर रसाच्या मानाने साल कमी पडेल आणि वाइन फिकी होईल. लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखर आंबली की 1 टक्का अल्कोहोल तयार होतो, म्हणून तोड साधारण 22 ते 24 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप). साखर आणखी चढेल म्हणून उन्हात थांबले तर मॅलिक आम्ल मण्यांच्या श्वसनातच जळते, सामू (pH) वाढतो, म्हणजे आंबटपणा घटतो, वाइन सपक लागते आणि लवकर बिघडते. तोडही पहाटे करावी, मणी गार असतानाच क्रेट वाइनरीत पोचले पाहिजेत.